युद्ध जिंकून आलेल्या सहा सेनापतींना अथेन्सने मृत्युदंड का दिला?

इ.स.पू. 406 मध्ये अथेन्सच्या आरमाराने स्पार्टाचा समुद्रात दणदणीत पराभव केला. शत्रूची सत्तरहून अधिक जहाजं बुडाली किंवा हाती लागली, स्पार्टाचा नौदलप्रमुख मारला गेला. ज्या आठ सेनापतींनी हा विजय मिळवला, त्यांचं शहरात वाजतगाजत स्वागत व्हायला हवं होतं.

झालं उलटंच. काही आठवड्यांत आठही जण दोषी ठरले. दोघे शहरात परतलेच नव्हते, म्हणून वाचले. उरलेल्या सहा जणांना मृत्युदंड दिला गेला. निकाल कुठल्या राजाने किंवा हुकूमशहाने दिला नाही. तो दिला सामान्य नागरिकांनी, मतदान करून.

मतदान कसं घ्यायचं हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा वाद होता. आठ जणांसाठी आठ वेगळे निर्णय, की सगळ्यांसाठी एकच? या एका प्रश्नावर सहा जीव अवलंबून होते. त्या दिवशी सभेचं कामकाज चालवणाऱ्या मंडळात साठी ओलांडलेला एक माणूस बसला होता आणि त्याने या मतदानाला नकार दिला. त्याचं नाव सॉक्रेटिस.

अथेन्सवर ही वेळ आली कशी?

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं पेलोपनेशियन युद्ध इ.स.पू. 431 मध्ये सुरू झालं. एकीकडे समुद्रावर राज्य करणारं, लोकशाही मानणारं अथेन्स. दुसरीकडे जमिनीवरच्या लढाईत कुणाला न हरणारं, शिस्तीचं स्पार्टा. दोघांच्या मागे मित्रराज्यांची रांग होती. मधल्या काही वर्षांच्या तहाचा अपवाद सोडला, तर हे युद्ध 27 वर्षं चाललं.

अथेन्सचं कंबरडं मोडलं ते सिसिलीत. इ.स.पू. 415 मध्ये अथेन्सने सिराक्यूस जिंकायला प्रचंड मोहीम पाठवली आणि दोन वर्षांत ती अख्खी गमावली. जहाजं गेली, माणसं गेली, तिजोरी रिकामी झाली. पुढे स्पार्टाला पर्शियाकडून पैसा मिळू लागला आणि ज्या समुद्राच्या जोरावर अथेन्स उभं होतं, तिथेही स्पार्टाचं आरमार दिसू लागलं.

इ.स.पू. 406 मध्ये अथेन्सचा सेनापती कॉनॉन लेस्बॉस बेटावरच्या मितिलिनी बंदरात अडकला. स्पार्टाचा तरुण नौदलप्रमुख कॅलिक्रॅटिडास याने त्याच्या 70 पैकी 30 जहाजं पकडली होती आणि उरलेल्या 40 जहाजांची नाकेबंदी केली होती. कॉनॉनने दोन जहाजं गुपचूप बाहेर काढली. त्यातलं एक निसटलं आणि बातमी अथेन्सला पोहोचली.

मग शहराने जे केलं ते थक्क करणारं होतं. तीस दिवसांत 110 जहाजं तयार झाली. त्या काळातलं मुख्य लढाऊ जहाज म्हणजे त्रायरीम. वल्ह्यांच्या एकावर एक तीन रांगा, 170 वल्हेकरी आणि बाकीचे धरून एका जहाजावर साधारण 200 माणसं. म्हणजे 110 जहाजांना सुमारे 22,000 माणसं हवी होती. एवढे नागरिक शिल्लक होते कुठे? लढायच्या वयाचे सगळे जहाजांवर चढवले गेले. एरवी घोड्यावरून लढणारे श्रीमंतही चढले. तरीही माणसं कमी पडली, तेव्हा गुलामांना घेतलं गेलं आणि त्या बदल्यात त्यांना स्वातंत्र्य मिळालं. पुढच्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या 'फ्रॉग्ज' या अॅरिस्टोफेनिसच्या नाटकात या गुलामांचा उल्लेख आहे. पैशांसाठी देवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली गेली.

मित्रराज्यांची जहाजं येऊन मिळाली आणि आरमार दीडशेच्या वर गेलं.

विजय आणि वादळ

लेस्बॉस आणि आजच्या तुर्कस्तानचा किनारा यांच्यामध्ये अर्गिनुसाय नावाची छोटी बेटं आहेत. लढाई तिथे झाली. कॅलिक्रॅटिडासकडे 120 जहाजं होती. अथेन्सचं बळ जास्त आहे, माघार घ्यावी, असं त्याच्या सुकाणूवाल्याने सुचवलं. आपण मेलो तर स्पार्टाचं काही बिघडणार नाही, पण पळणं लाजिरवाणं आहे, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. त्याचं जहाज शत्रूच्या जहाजावर आदळलं तेव्हा तो पाण्यात पडला आणि परत दिसला नाही.

अथेन्स जिंकलं. पण त्याचीही 25 जहाजं गेली होती. काही बुडाली होती, तर काही फुटून पाण्यावर तरंगत होती. लाकडी त्रायरीम फुटली तरी दगडासारखी तळाला जात नसे, त्यामुळे तिला धरून माणसं तासन्‌तास जिवंत राहू शकत. शेकडो, कदाचित त्याहून जास्त माणसं अशी मदतीची वाट पाहत होती.

सेनापतींपुढे दोन कामं होती. ही माणसं वाचवायची आणि मितिलिनीत अडकलेल्या कॉनॉनला सोडवायचं. त्यांनी आरमार विभागलं. 47 जहाजं बचावासाठी ठेवली आणि तो ताफा थेरामिनीज आणि थ्रॅसिब्युलस या दोन अनुभवी जहाजप्रमुखांच्या हाती दिला. बाकीची जहाजं मितिलिनीकडे निघणार होती.

तेवढ्यात वादळ उठलं. जहाजं हलू शकली नाहीत. ना बचाव झाला, ना मितिलिनी गाठता आली. फुटलेल्या जहाजांना धरून बसलेली माणसं एकेक करून बुडाली.

मितिलिनीत स्पार्टाचा अधिकारी इटिओनायकस याला पराभवाची बातमी कळली, तेव्हा त्याने ती घेऊन येणाऱ्या होडीलाच परत पाठवलं आणि डोक्यावर विजयाच्या माळा घालून, आपण जिंकलो असं ओरडत यायला सांगितलं. त्याच्या सैनिकांनी जल्लोष केला आणि गोंधळ न होता तो आपली जहाजं घेऊन सटकला. अफवा पसरवायला इंटरनेट लागत नाही, एवढाच याचा अर्थ.

बुडालेली माणसं कुणाची होती?

अथेन्सचा संताप समजून घ्यायचा तर दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली म्हणजे त्रायरीमवर वल्ही मारणारे बहुतेक शहरातले गरीब नागरिक असत. जमीन नाही, चिलखत घ्यायची ऐपत नाही, पण सभेत मताचा पूर्ण अधिकार. अथेन्सची लोकशाही याच वर्गाच्या जोरावर उभी होती. म्हणजे समुद्रात बुडाले ते मतदारांचे भाऊ, मुलं आणि शेजारी होते.

दुसरी गोष्ट अंत्यसंस्काराची. मृताला माती मिळाली नाही तर त्याच्या आत्म्याला शांती नाही, असं ग्रीक मानत. सोफोक्लीजचं 'अँटिगनी' हे नाटक उभं आहे ते याच प्रश्नावर. भावाच्या प्रेतावर माती टाकायला बहीण राजाचा हुकूम मोडते. ते नाटक याच शहरातलं होतं आणि या घटनेच्या काही दशकं आधीचं.

ही कहाणी दोन प्राचीन लेखकांकडून आपल्यापर्यंत येते आणि दोघांचा भर वेगळा आहे. त्या काळी तरुण असलेला झेनोफोन जिवंत माणसं मागे राहिली यावर जोर देतो. कित्येक शतकांनी लिहिणारा डायोडोरस प्रेतं उचलली नाहीत यावर भर देतो. दोन्ही आरोप लोकांच्या तोंडी असणार. शोक करणारा माणूस दोन्ही बोलतो.

चांगुलपणा अंगाशी आला

लढाईनंतर सेनापतींनी अथेन्सला पत्र लिहिलं. बचावाचं काम आपण थेरामिनीज आणि थ्रॅसिब्युलस यांना दिलं होतं, हे त्यात लिहावं असं बहुतेकांचं मत होतं. दोघांनी ते थांबवलं. एक डायोमेडॉन आणि दुसरा पेरिक्लीज. वादळाचा दोष या दोघांवर कशाला ढकलायचा, असा त्यांचा विचार होता. त्यामुळे पत्रात फक्त वादळाचं कारण गेलं.

हा पेरिक्लीज म्हणजे अथेन्सच्या सर्वांत प्रसिद्ध नेत्याचा, थोरल्या पेरिक्लीजचा, मुलगा. त्याची आई अस्पाशिया ही मायलिटस शहरातली. आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मुलाला नागरिकत्व, हा कायदा थोरल्या पेरिक्लीजनेच इ.स.पू. 451 मध्ये आणला होता. पुढे त्याचे आधीच्या लग्नाचे दोन्ही मुलगे साथीत गेले, तेव्हा लोकांनी खास अपवाद करून अस्पाशियाच्या मुलाला नागरिक करून घेतलं. आता त्याच लोकांसमोर हा मुलगा आरोपी म्हणून उभा राहणार होता.

सेनापतींना पदावरून दूर करून परत बोलावण्यात आलं. वारा ओळखून प्रोटोमॅकस आणि अॅरिस्टोजिनीज परतलेच नाहीत. सहा जण आले. आधी इरासिनिडीजवर पैशांच्या अफरातफरीचा खटला भरला गेला आणि त्याला कैद झाली. मग बाकीचेही कैदेत गेले.

सभेत त्यांच्याविरुद्ध सगळ्यात पुढे होता थेरामिनीज. हो, तोच, ज्याच्याकडे बचावाचं काम दिलं होतं. त्याने सेनापतींचंच पत्र पुरावा म्हणून वाचून दाखवलं. यात तर दुसऱ्या कुणाचं नावच नाही, मग जबाबदार कोण? थेरामिनीज इतका आक्रमक का झाला असेल, याचा अंदाज बांधणं अवघड नाही. सेनापती सुटले असते तर पुढचा नंबर त्याचा होता.

पहिली सभा: अंधाराने निर्णय पुढे ढकलला

अथेन्सची सभा, एक्लेसिया, म्हणजे एक अवाढव्य ग्रामसभा समजा. निक्स नावाच्या टेकडीवर हजारो नागरिक जमत. कुणीही उठून बोलू शके आणि हात वर करून निर्णय होई. सभेपुढे काय यावं हे चिठ्ठीने निवडलेलं 500 जणांचं मंडळ ठरवी. हे पाचशे जण दहा गटांतून, प्रत्येकी 50, असे येत. वर्षातला एकेक भाग एकेका गटाकडे असे आणि त्या काळात तेच 50 जण सभेचं कामकाज चालवत.

पहिल्या सभेत सेनापतींना कायद्याप्रमाणे पुरेसा वेळ मिळाला नाही. तरी त्यांनी थोडक्यात बाजू मांडली. वादळाच्या साक्षीला सुकाणूवाले आणि खलाशी उभे केले. आपल्यावर आरोप झाले म्हणून उलट थेरामिनीजवर खोटा आरोप करणार नाही, हेही सांगितलं. लोकांचं मत पालटू लागलं. जामीन राहायला कित्येक जण उभे राहिले.

पण तोवर संध्याकाळ झाली. अंधारात हात मोजता येत नव्हते. निर्णय पुढच्या सभेवर गेला आणि खटला कसा चालवायचा याचा प्रस्ताव मंडळाने आणावा, असं ठरलं.

मधल्या दिवसांत अपाटुरिया हा सण आला. या सणाला भाऊबंद एकत्र जमत, वर्षभरात जन्मलेल्या मुलांची कुळात नोंद होई. घरोघरी रिकाम्या जागा दिसल्या असतील, ते सांगायला नको. झेनोफोन म्हणतो की थेरामिनीजच्या माणसांनी काळे कपडे घालून आणि केस कापून शोकाकुल नातेवाइकांची सोंगं सभेत आणली. इथे थोडं सावध राहिलेलं बरं. झेनोफोनला थेरामिनीजची बाजू घ्यायची नव्हती आणि हजारो कुटुंबं खरोखरच सुतकात असताना सोंगं आणायची गरज पडली असेल का, ही शंका अनेक इतिहासकारांनी घेतली आहे.

दुसरी सभा: सगळ्यांसाठी एकच मत

मंडळातल्या कॅलिक्सेनसने प्रस्ताव आणला. आरोप आणि बचाव मागच्या सभेत ऐकून झाले आहेत, आता थेट मतदान घ्या. प्रत्येक गटासाठी दोन घडे ठेवा. सेनापती दोषी वाटत असतील तर मत पहिल्या घड्यात, नसतील तर दुसऱ्यात. दोषी ठरले तर मृत्युदंड, मालमत्ता जप्त आणि तिचा दहावा भाग देवीला.

म्हणजे आठही जणांचा निकाल एकाच मतात. कोण कुठे होता, कुणाचं जहाज फुटलं होतं, कुणी बचावाचा आग्रह धरला होता, यातलं काहीच विचारात घ्यायचं नाही. खुद्द सेनापतींपैकी एक जण स्वतः फुटक्या जहाजावरून कसाबसा वाचला होता. दुसऱ्यांना वाचवलं नाही म्हणून तोही दोषींच्या यादीत.

तेवढ्यात एक माणूस पुढे आला. आपण पिठाच्या पिंपाला धरून वाचलो, असं त्याने सांगितलं. बुडणाऱ्यांनी त्याला निरोप दिला होता: वाचलास तर लोकांना सांग, देशासाठी सगळ्यात शर्थीने लढलेल्यांना सेनापतींनी उचललं नाही. हे ऐकल्यावर सभेची काय अवस्था झाली असेल?

युरिप्टोलेमस नावाचा नागरिक आडवा आला. तो पेरिक्लीजचा नातेवाईक होता, पण त्याचा मुद्दा कायद्याचा होता. अथेन्समध्ये बेकायदा प्रस्ताव आणणाऱ्यावरच खटला भरता येत असे आणि त्याचा निकाल लागेपर्यंत प्रस्ताव थांबे. स्वतःच्या घाईला आवर घालायला या लोकशाहीने करून ठेवलेली ही सोय होती. युरिप्टोलेमसने तीच वापरली.

जमावातून आरडाओरडा झाला. लोकांना हवं ते करण्यापासून कुणी अडवत असेल तर ते भयंकर आहे! लायसिस्कस नावाच्या एकाने सुचवलं की हरकत घेणाऱ्यांचाही निकाल सेनापतींसोबत याच मतदानात लावा. युरिप्टोलेमसला हरकत मागे घ्यावी लागली.

आता राहिले ते सभा चालवणारे पन्नास. त्यातल्या काहींनी हा प्रस्ताव मतदानाला टाकायला नकार दिला. कॅलिक्सेनसने पुन्हा व्यासपीठावर चढून त्यांनाही आरोपी करण्याची भाषा केली. जमावाने साथ दिली. एकेक जण गप्प झाला. सॉक्रेटिस झाला नाही. कायद्याविरुद्ध आपण काही करणार नाही, एवढीच त्याची भूमिका होती. एकट्याच्या नकाराने मात्र काही थांबलं नाही.

युरिप्टोलेमस पुन्हा बोलायला उभा राहिला. त्याचं म्हणणं समजायला आजही वकील लागत नाही. हवा तर सगळ्यात कडक कायदा लावा, पण प्रत्येकाचा खटला वेगळा चालवा. दिवसाचे तीन भाग करा. एक भाग सभेच्या कामकाजाला, एक आरोपाला आणि एक बचावाला. तुम्हाला एवढी घाई कशाची आहे? नंतर पश्चात्ताप झाला तर उपयोग नाही, हेही त्याने बजावलं.

हात वर झाले. पहिल्या मोजणीत युरिप्टोलेमसचा प्रस्ताव जिंकला! पण मेनेक्लीस नावाच्या माणसाने शपथेवर हरकत घेतली. त्याची हरकत ऐकली गेली. पुन्हा हात मोजले आणि या वेळी कॅलिक्सेनसचा प्रस्ताव पुढे गेला. इथेच सगळं संपलं. घड्यांमध्ये मतं पडली, आठही जण दोषी ठरले. पेरिक्लीज, डायोमेडॉन, इरासिनिडीज, थ्रॅसिलस, लायसिअस आणि अॅरिस्टोक्रॅटिस यांना मारण्यात आलं.

डायोडोरस सांगतो की नेण्याआधी डायोमेडॉनने लोकांकडे एकच मागणं केलं. विजयासाठी आम्ही देवांना नवस बोललो होतो, ते आता आम्हाला फेडता येणार नाहीत, तेवढे तुम्ही फेडा.

पुढे काय झालं?

कॉनॉन नाकेबंदीत होता, त्यामुळे तो या प्रकरणातून वाचला. पण त्याच्या जोडीचे अनुभवी सेनापती संपले होते. अर्गिनुसायनंतर स्पार्टाने तहाचा प्रस्ताव दिला होता आणि क्लिओफॉन नावाचा लोकनेता दारू पिऊन, अंगात चिलखत घालून सभेत आला आणि त्याने तो फेटाळायला लावला, असं अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ग्रंथात म्हटलंय. सगळे अभ्यासक यावर विश्वास ठेवत नाहीत.

इ.स.पू. 405 मध्ये एगॉस्पोटामी इथे स्पार्टाच्या लायसँडरने अथेन्सचं जवळपास सगळं आरमार किनाऱ्यावर उभं असतानाच पकडलं. सेनापती होते, पण लढाई झाली असं म्हणणंही अवघड. कॉनॉन मोजकी जहाजं घेऊन निसटला. पुढच्या वर्षी उपाशी अथेन्सने शरणागती पत्करली. सहा सेनापती जिवंत असते तर युद्ध जिंकलं असतं का, हे कुणी सांगू शकत नाही. मात्र त्या दिवसानंतर अथेन्सचा सेनापती होणं म्हणजे पराभवाची भीती आणि विजयाचीही भीती, एवढं नक्की.

युद्ध संपल्यावर स्पार्टाच्या पाठिंब्याने तीस जणांची हुकूमशाही आली. थेरामिनीज त्यात होता. काही महिन्यांत तो सहकाऱ्यांच्या अत्याचारांवर बोलू लागला, तेव्हा क्रिटिअसने त्याच्यावर आरोप करताना सेनापतींना मारवणारा हाच, हे आवर्जून सांगितलं. मग यादीतून त्याचं नाव खोडलं आणि त्याला खटल्याशिवाय विष प्यायला लावलं.

सॉक्रेटिसवर इ.स.पू. 399 मध्ये खटला झाला. प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या बचावाच्या भाषणात तो न्यायाधीशांना या दिवसाची आठवण करून देतो. तुम्ही सगळ्यांना मिळून एकत्र शिक्षा दिलीत, ते बेकायदा होतं आणि नंतर तुम्हीच ते मान्य केलंत, असं तो सांगतो.

मान्य केलं होतं हे खरं. फाशाला मान दिल्यासारखा तो पश्चात्ताप थोड्याच दिवसांत आला. ज्यांनी लोकांना फसवलं त्यांच्यावर खटले भरावेत, असं याच सभेने ठरवलं. त्यात कॅलिक्सेनस आणि आणखी चौघांची नावं होती. खटला चालण्याआधीच, शहरातल्या एका दंगलीत ते पळून गेले. इ.स.पू. 403 मध्ये लोकशाही परत आली, तेव्हा कॅलिक्सेनस अथेन्सला परतला. त्याच्याशी कुणीही संबंध ठेवला नाही. झेनोफोनच्या म्हणण्यानुसार तो उपासमारीने मेला.